मोरपीस शाईचे बावीस कामगार

माझ्या सासऱ्यांनी सहा वर्षांत मला एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्या प्रकृतीबद्दल होता.

सणावाराला आम्ही तिन्ही जावई अकोल्याला त्यांच्या घरी जमायचो. थोरल्याला ते विचारायचे, "काय म्हणतात तुमचे साहेब?" कारण थोरला कलेक्टर कचेरीत होता. मधला रेल्वेत. त्याला विचारायचे, "बदलीचं कुठवर आलं?" मग माझ्याकडे वळायचे, आवाज जरा खाली आणायचे आणि म्हणायचे, "प्रकृती बरी आहे ना?" मला साधी सर्दीसुद्धा झालेली नसायची. पण टपालखात्यातली कायम नोकरी सोडून शाईच्या पुड्या बांधणारा माणूस धडधाकट असू शकतो, यावर त्यांचा विश्वास नव्हता. सासरे, म्हणजे शेषराव मामाजी, स्वतः तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सरकारी शिक्का नसलेल्या कागदाला ते कागद म्हणत नसत, आणि सरकारी पगार नसलेल्या कामाला काम म्हणत नसत.

माझं काम म्हणजे 'मोरपीस शाई'. निळ्या भुकटीची चिमूटभर पुडी बाटलीभर पाण्यात टाकायची, हलवायची, की शाळेची शाई तयार. अमरावतीला आमच्या मागच्या खोलीत एक परात, एक वस्त्रगाळ चाळणी, मी, माझी बायको वच्छला आणि पुड्या बांधणाऱ्या गंगूबाई एवढा पसारा होता. गंगूबाई खिडकीबाहेर बघत, शेजारणीशी बोलत, मधूनच मला दोन शब्द सुनावत दिवसाला चारशे पुड्या बांधायच्या. तिवसा, चांदूर, पार धारणीपर्यंतच्या शाळांतली पोरं माझ्या शाईनं शुद्धलेखन चुकवत होती. याला मी उद्योग म्हणत होतो.

मामाजींच्या त्या प्रश्नाचं मला वाईट वाटायचं, पण वच्छलेला माझ्यापेक्षा जास्त. बहिणींचे नवरे बोलत असताना ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नसलेलं काम काढायची. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावर दरवेळी तेच एक वाक्य बोलायची, "बाबांचा स्वभावच तसा आहे." माझी आयुष्यात फार मोठी इच्छा नव्हती. अकोल्यात, मामाजींच्या समोर, कुणीतरी माझं नाव मानानं घ्यावं आणि ते वच्छलेनं ऐकावं, एवढंच हवं होतं.

एकसष्ट साली ती संधी वर्तमानपत्रातून चालत आली. नवं राज्य होऊन वर्ष झालं होतं आणि जो तो काहीतरी स्थापन करत होता. अकोल्यात एक 'वऱ्हाड उद्योग गौरव समिती' निघाली आणि तिनं स्थानिक उद्योजकांकडून अर्ज मागवले. दोन विभाग होते, एक गृहोद्योगांचा आणि एक कारखान्यांचा. प्रत्येकी एक चांदीची ढाल, एक मानपत्र आणि समारंभ मामाजींच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या सभागृहात.

अर्ज चार प्रतींत भरायचा होता. त्यात 'मालकाचे शिक्षण' होतं, 'देशाच्या प्रगतीस लावलेला हातभार, पन्नास शब्दांत' होता, आणि सोबत उद्योग अस्तित्वात असल्याचा दाखला जोडायचा होता. दाखल्यासाठी मी एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं विचारलं, "दुकान आहे?" मी म्हटलं, "नाही." "मग काय आहे?" "शाई आहे." "खायची आहे का?" "नाही." "मग आरोग्याकडं जात नाही." दुसऱ्या कचेरीत विचारलं, "यंत्र आहे?" म्हटलं, "चाळणी आहे." त्यांनी मला परत पहिल्या कचेरीत पाठवलं. पाच फेऱ्यांनंतर मला जो दाखला मिळाला, तो मी अजून जपून ठेवला आहे. त्यात लिहिलं आहे की, सदर उद्योग कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही, सबब तो अस्तित्वात असण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

खरा घोटाळा रकाना नऊमध्ये झाला. रकाना नऊ म्हणजे 'कामगारांची संख्या'. मी तिथं 'दोन' असं प्रामाणिकपणे पेन्सिलनं लिहिलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून अर्ज तपासत होतो, तोच समोरचे भगवंतराव आले. यांची तिवशाकडे काळी जमीन आहे, पण मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड अमरावतीत केलेलं. जमीन तिकडे आणि माणूस इकडे, त्यामुळे त्यांच्याजवळ वेळ भरपूर आणि सल्ला त्याहून भरपूर. त्यांनी न विचारता अर्ज हातात घेतला.

"दोन?" ते म्हणाले. "सहदेवराव, दोन माणसं तं आमच्या इकडं बैलाले पाणी पाजाले जातात. तुमी बक्षीस मांगून राहिले का भिक्षा?"

"पण आहेतच दोन," मी म्हणालो.

"असतीन. पण लिवायले लाज वाटत नाही का तुमाले? तिकडं अकोल्याचे लोक काय म्हणतीन, अमरावतीले माणसंच नाहीत?"

आता प्रश्न माझ्या शाईचा राहिला नाही, अमरावतीच्या अब्रूचा झाला. भगवंतरावांच्या पत्नी कौशल्याबाईही आल्या. आमच्या गल्लीत धर्मपाल नावाचे एक तरुण गृहस्थ राहत. ते ट्रेझरीत कारकून होते. आई-वडिलांनी शेतमजुरी करून त्यांना शिकवलं होतं आणि ते शिक्षण त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की छापील कागद ते मागच्या बाजूसह वाचायचे. त्यांनी माझा अर्ज उलटा केला आणि म्हणाले, "काका, हे बारीक अक्षर वाचलं का? कामगार वीसच्या वर गेले तर विभाग बदलू शकतो. शिवाय वीसच्या वर कारखान्याचा कायदाही लागतो."

"बदलू द्या ना," भगवंतराव म्हणाले. "माणूस वरच्या वर्गात जाते तं काय वाईट होते?"

"तो वरचा वर्ग नाही काका, वेगळा वर्ग आहे."

"तुमी ट्रेझरीतले लोक ना, आकडा पाह्यला का भेता," भगवंतराव म्हणाले, आणि विषय संपला. धर्मपाल शांतपणे हसले. खरं बोलून गप्प बसण्याची त्यांना सवय होती. ती सवय गल्लीला फार महागात पडत असे.

तरीही मी खोटं लिहिलं नसतं. पण कौशल्याबाईंनी सरळ लग्नाचा हिशेब मांडला. "आमच्या शकुनच्या लग्नात सरगुंडे कराले किती बाया आल्या होत्या, आठवते का?" त्या म्हणाल्या. सरगुंडे म्हणजे काडीवर वळायच्या शेवया, आणि त्या वळायच्या म्हटलं की गल्ली लोटते. "पस्तीस. आपापला पाट घेऊन आल्या. कोणाले पाय धराव लागले का? मंग शाईले काहून येणार नाहीत? आन् ज्या दिवशी बावीस बाया बसल्या, त्या दिवशी बावीसच कामगार ना?"

मी विचार केला. आमच्याकडे लग्नाचे गहू कुणी एकट्यानं निवडत नाही, कुरडयांचा चीक कुणी एकटीनं घाटत नाही. एक हाक दिली की घरं रिकामी होतात. मग शाईनं काय पाप केलं आहे? मी पेन्सिलीचे 'दोन' खोडले आणि शाईनं 'बावीस' लिहिलं. वीस लिहिलं तर अंदाज वाटला असता. बावीस मोजल्यासारखे दिसतात.

समितीचं पत्र आलं की बुधवारी अकरा वाजता पाहणी होईल. वच्छलेनं गल्लीत एक फेरी मारली. बुधवारी दहा वाजता माझ्या दारात गंगूबाईंना धरून एकतीस बायका पाट घेऊन हजर. आता अर्जात बावीस, म्हणजे नऊ परत पाठवणं भाग होतं. कामाला लागायच्या आधीच कपात झालेल्या त्या नऊजणींपैकी चतुराबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, त्या आठव्या होत्या आणि मी दारापासून मोजायच्या ऐवजी खिडकीपासून मोजलं. भगवंतरावांनी स्वतःची मुकादम म्हणून नेमणूक करून टाकली होती आणि ते धोतराचा सोगा धरून खोलीत येरझाऱ्या घालत होते. धर्मपाल रजा घेऊन आले, पण सरकारी नोकराला दुसरीकडे काम करता येत नाही म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांची आई सुंदराबाई मात्र पहिल्या रांगेत बसली होती.

गंगूबाईंनी सगळ्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे हात पाहून कोणीबी सांगन का यायनं शाई आजच पाह्यली." तेव्हा सगळ्यांनी परातीत हात बुडवले. पाच मिनिटांत एकवीस बायका आणि एक मुकादम कोपरापर्यंत निळे झाले. ती निळाई पुढे पंधरा दिवस गेली नाही. त्या पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतल्या भाकरी कशा दिसायच्या, याचं वर्णन मी करत नाही.

समितीचे अध्यक्ष अकोल्याच्या एका कापूस जिनिंग-प्रेसिंगचे मालक होते. दुसऱ्याचा उद्योग बघायला आलेला माणूस आपला उद्योग किती मोठा आहे हे आठवत असतो, तसे ते बघत होते. बरोबर वही घेतलेले चिटणीस आणि एक फोटोग्राफर. अध्यक्षांनी सुंदराबाईंना विचारलं, "बाई, कधीपासून काम करून राहिल्या?"

सुंदराबाई जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सकायपासून."

पण अध्यक्ष खूश झाले. चिटणीसांनी वहीत लिहिलं, 'कामगार सकाळपासून कामावर हजर असतात.' मग त्यांनी कौशल्याबाईंना विचारलं, "मजुरी वेळेवर भेटते ना?"

कौशल्याबाई भडकल्या. "मजुरी? आमी का मजुरीनं आलो? आमच्या घरचंच काम हाय हे." चिटणीसांनी लिहिलं, 'कामगारांत मालकीची भावना दिसून आली.'

एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी गाणं धरलं. लग्नात व्याह्याची टिंगल करायची गाणी असतात, त्यातलं. व्याह्याच्या जागी अध्यक्षांचं नाव घातलेलं. व्याही पंगतीत किती खातो आणि मग कसा उठत नाही, असा त्याचा मतलब होता. अध्यक्षांनी ते स्वागतगीत समजून हात जोडले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. फोटो निघाला. मंडळी गेली. त्या एका तासात बांधलेल्या पुड्या सोडून पुन्हा बांधायला गंगूबाईंना चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत त्या खिडकीबाहेर न बघता फक्त माझ्याशीच बोलल्या.

फोटो एका साप्ताहिकात छापून आला. खाली मजकूर होता, 'बावीस हातांना काम देणारा अमरावतीचा तरुण कारखानदार.' माझं वय तेव्हा अडतीस होतं, पण तरुण या शब्दाला मी हरकत घेतली नाही. बावीस कामगारांचे हात चव्वेचाळीस होतात, हे धर्मपालांनी तेवढं दाखवून दिलं. मी दहा अंक घेतले आणि एक टपालानं मामाजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

उत्तर आलं ते भलतीकडूनच. नवव्या दिवशी टपालवाल्यानं, म्हणजे माझ्या जुन्या सहकाऱ्यानं, एक खाकी लिफाफा माझ्या हातात दिला आणि सही घेताना 'काळजी घे' असं म्हणाला. आत कारखाने निरीक्षकांची नोटीस होती. 'वृत्तपत्रीय छायाचित्रावरून असे निदर्शनास आले आहे की, आपण वीसहून अधिक कामगार लावून विनानोंदणी कारखाना चालवीत आहात.' पुढे जे जे माझ्याकडे असायला हवं होतं आणि नव्हतं त्याची यादी होती. हजेरीपट. प्रथमोपचाराची पेटी. पिण्याच्या पाण्याच्या माठावर 'पिण्याचे पाणी' अशी ठळक पाटी. आणि 'सोयीच्या जागी, पुरेशा संख्येत, स्वच्छ स्थितीत थुंकदाण्या'. वीस दिवसांत खुलासा न केल्यास खटला. प्रत माहितीसाठी उद्योग गौरव समितीकडे रवाना.

भगवंतरावांना थुंकदाण्यांचं कलम फार लागलं. "म्हंजे आता माणसानं थुंकायचंबी सरकारले विचारून?" ते म्हणाले, आणि निषेध म्हणून लगेच ओट्यावरून थुंकले.

धर्मपालांनी नोटीस दोन्ही बाजूंनी वाचली. "काका, यातून एका ओळीत सुटता येतं," ते म्हणाले. "लिहा, फोटोतले लोक शेजारी आहेत, कामगार दोनच आहेत. समितीलाही तसंच कळवून टाका. कोणी फाशी देत नाही."

ते बरोबर बोलत होते, नेहमीप्रमाणे. पण समारंभ अकरा दिवसांवर आला होता. समितीला खरं कळवलं तर ढाल गेली, मानपत्र गेलं, आणि अकोल्यात मामाजींच्या समोर माझं नाव निघण्याची शेवटची आशा गेली. मी नोटीस घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मोठमोठ्या कारखानदारांना अशा नोटिसा येतच असतात, असं मी स्वतःला सांगितलं. रात्रीची झोप मात्र त्या मोठमोठ्या कारखानदारांसारखी येईना.

समारंभाला आम्ही बडनेऱ्याहून गाडी बदलून गेलो. वच्छलेनं तिची जांभळी पैठणी काढली होती. तिसऱ्या रांगेत मामाजी बसले होते, शेजारी दोन्ही जावई. मामाजींनी आम्हाला बघून मान हलवली. प्रकृतीचं ते समारंभानंतर विचारणार होते.

भाषणं झाली. मग चिटणीस उभे राहिले आणि म्हणाले, "गृहोद्योग विभागात यंदा एकच अर्ज आला होता. तथापि कामगारसंख्येमुळे तो कारखाने विभागात वर्ग करावा लागल्यानं, या विभागाचं पारितोषिक राखून ठेवण्यात येत आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तो एकमेव अर्ज कुणाचा, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी 'दोन' लिहिलं असतं, तर ढाल अमरावतीला एकटी चालत आली असती.

कारखाने विभागात सहा जिनिंग, दोन तेलाच्या गिरण्या आणि मी असे नऊ अर्ज होते. बक्षीस अध्यक्षांच्या जिनिंगला मिळालं. अध्यक्षांनी माइकवर येऊन स्वच्छ खुलासा केला की निर्णयाच्या वेळी ते चहा प्यायला बाहेर गेले होते, आणि चहा फार गरम असल्यानं त्यांना लवकर परत येता आलं नाही. अध्यक्ष म्हणून ढाल देणार तेच आणि विजेते म्हणून घेणारही तेच, हा पेच चिटणीसांनी ढाल मध्ये धरून सोडवला. माझं नाव लाउडस्पीकरवरून घेतलं गेलं. आभाराच्या शेवटी, तेलाची गिरणी आणि मंडपवाला यांच्या मध्ये.

आम्ही मामाजींच्या घराकडे चालत निघालो. वच्छलेला आज स्वभावाचं वाक्यसुद्धा सुचत नव्हतं. घरी गेल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मला त्या क्षणी टपालखात्याची फार आठवण झाली.

मामाजींनी मला समोर बसवलं. "कागद तरी काही दिला का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. पण नाही म्हणताना माझा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि खाकी लिफाफ्याचा कोपरा वर आला. चाळीस वर्षं सरकारी कागद हाताळलेल्या नजरेनं तो कोपरा खोलीच्या पलीकडून ओळखला.

"तो लिफाफा दाखवा."

मी दिला. दुसरं काय करणार? त्यांनी चष्मा पुसला. आधी शिक्का पाहिला, मग जावक क्रमांक, मग सही, आणि मगच मजकुराला हात घातला. मी फरशीकडे बघत होतो. वच्छला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मामाजींनी नोटीस एकदा मनात वाचली. मग उठून उजेडाकडे गेले आणि मोठ्यानं वाचली.

"प्रति, श्री. सहदेव पुंजाजी गावंडे, कारखानदार." इथं ते थांबले. "मोरपीस शाई कारखाना, अमरावती." त्यांनी कागद थोरल्या जावयापुढे धरला. "हे पाहा. निरीक्षकाची स्वतःची सही आहे. सहीचा रबरी शिक्का मारलेला नाही."

"मामाजी," मी म्हणालो, "ते खटला भरणार आहेत."

"कारखानदारावरच भरतात," मामाजी म्हणाले. "मी चाळीस वर्षं इमानानं नोकरी केली. माझ्यावर कधी कोणी भरला का?" त्यांच्या आवाजात मला चक्क खंत ऐकू आली. मग ते माझ्याजवळ येऊन बसले, पहिल्यांदा माझ्याच बाजूच्या खुर्चीवर, आणि म्हणाले, "माल कुठपर्यंत जातो तुमचा?"

"धारणीपर्यंत."

"धारणीले? तिकडं तं रस्ता नाही." सहा वर्षांत मामाजींना वऱ्हाडीत बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"शाळा आहे," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी त्यांनी मला नऊ प्रश्न विचारले. कच्चा माल, साठवण, ओलावा, बाटलीचा आकार. दोन्ही जावई भिंतीला टेकून ऐकत होते. जेवताना वच्छलेनं मला तिसऱ्यांदा वाढलं आणि मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी नोटीस घेऊन फिरायला गेले. निवृत्त लोक जिथं जिथं बसतात तिथं तिथं ती वाचली गेली. मला परत मिळाली तेव्हा तिच्यावर तीन वेगवेगळ्या घरांच्या चहाचे डाग होते.

आम्ही अमरावतीला परतलो आणि पाचव्या दिवशी मामाजी पत्र्याची पेटी घेऊन दारात हजर. पेटीत आखीव कागद, तांबड्या शाईची दौत, आणि खुलाशाचा तीन पानी मसुदा. 'सविनय निवेदन की, निम्नस्वाक्षरीकार कारखानदार हा कायद्याचा आदर करणारा असून...' अशी सुरुवात होती. नोंदणी करतो, हजेरीपट ठेवतो, थुंकदाण्या बसवतो, सगळं कबूल. दुसरीकडे धर्मपालांची एक ओळ लिहून तयार होती. मुदतीला दोन दिवस उरले होते.

मामाजी विहिरीवर अंघोळीला गेल्यावर मी दोन्ही कागद घेऊन मागच्या खोलीत गेलो. वच्छला भुकटी चाळत होती. मी विचारलं, "कोणता पाठवू?"

"खरं तेच पाठवा," ती म्हणाली. चाळणी हलत राहिली. मग वर न बघता ती म्हणाली, "बाबा निघताना शेजारच्या काकूंना सांगून आले, लहान जावयाच्या कारखान्यात कामाला जातो म्हणून. कचेरीचा काळा कोट घालून आले आहेत. सहा वर्षांत पेटीतून काढला नव्हता."

मी तीन पानांवर सह्या केल्या. मी वच्छलेसाठी पुष्कळ गोष्टी करायला हव्या होत्या आणि केल्या नाहीत. ही एक केली, आणि ती बेकायदेशीर होती की उलट जरुरीपेक्षा जास्त कायदेशीर होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

धर्मपाल माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "लिहून दिलं ना? मग आता निदान ते खरं करा. माणसं कामाला लावा." म्हणून आता दुपारी घरची कामं आटोपली की बाया पुड्या बांधायला येतात. कपात झालेल्या नऊजणींना आधी घेतलं. चतुराबाई माझं तोंड न बघता येतात आणि भिंतीकडे वळून बांधतात, पण गंगूबाईंच्या खालोखाल बांधतात. धारणीच्या पुढच्या शाळांचीही मागणी आली आहे. दारात दोन पितळी थुंकदाण्या आहेत आणि भगवंतराव त्या दोन्हींच्या मधोमध थुंकतात.

मामाजी अकोल्याला परत गेलेच नाहीत. सकाळी आठला काळा कोट घालून ते उंबऱ्याशी बसतात आणि हजेरी घेतात. निरीक्षक पाहणीला आले तेव्हा मामाजींनी त्यांच्यापुढे हजेरीपट, रजा नोंदवही, आवक नोंदवही, जावक नोंदवही आणि थुंकदाण्या स्वच्छ केल्याची तारीखवार नोंदवही ठेवली. त्या बघता बघता संध्याकाळ झाली आणि साहेबांना कारखाना बघायचा राहूनच गेला. जाताना ते म्हणाले, असं दफ्तर मी मोठमोठ्या जिनिंगमध्ये पाहिलं नाही. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. भूकच नाही म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी तिवशाला माल पोचवायला गेलो आणि येताना मोटर वाटेत बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या नावासमोर तांबडी फुली पडलेली. मी म्हटलं, "मामाजी, मी मालक आहे." ते म्हणाले, "अर्ज द्या."

मी अर्ज लिहिला. अर्ध्या दिवसाची रजा मिळावी, कारण मोटर. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना. जरा सवलत मिळेल या आशेनं मी 'जावई' असं लिहिलं.

मामाजींनी चष्मा लावला. 'जावई' हा शब्द पट्टी ठेवून सरळ खोडला आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कारखानदार'. खाली शेरा मारला, 'कारण समाधानकारक नाही. रजा नामंजूर.' सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला.

वच्छलेनं तो माझ्याकडून मागून घेतला, वाचला, आणि तिच्या पेटीत पैठणीच्या घडीखाली नीट ठेवून दिला. अर्ज नामंजूर झालेला आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं.